बोअरिंगजवळची ब्राह्मी

चौबे कॉलोनीतल्या बोअरिंगजवळची ब्राह्मी मी उपटवली. मी कॉलोनीचा सेक्रेटरी. मच्छरांची तक्रार आली होती, हे खरं. पण मच्छर निमित्त होते. राग होता तो ती लावणाऱ्या देशकर काकांवर.

काका रिटायर्ड प्रोफेसर. झाडपाल्याच्या अर्कानं मेंदूच्या पेशी वाचतात का, हे त्यांनी जन्मभर काचेच्या बशीत पाहिलं. रिटायर झाल्यावर बशा गेल्या, आम्ही उरलो. सकाळी हिरव्या रसाचा ग्लास घेऊन फाटकात हजर. "पी बे! डोक्यात गंज चढून राहिला तुह्या." हातात भजं दिसलं की, "मेंदूले आग लावून राहिला काय?" मला पन्नाशीत 'पोट्ट्या' म्हणत, तेही माझ्या साहेबांसमोर.

पुढे कळलं, डाव्या रांगेतल्या घरांना ते ब्राह्मीचा रस देत आणि आम्हा उजव्या रांगेला नुसतं हिरवा रंग घातलेलं पाणी. तुलना पाहिजे ना! माझ्या शेजारचे मिश्राजी भडकले, "प्रोफेसर साहब, हम चूहे हैं क्या?"

"चूहा शिकायत नहीं करता!" काका उलट त्यांच्यावरच गरजले.

ब्राह्मी उपटली त्याच्या दुसऱ्या सकाळी ते माझ्या दारात. "काहून उपटली बे? कोणाले विचारलं?" सारी कॉलोनी गोळा झाली. माझंही डोकं फिरलं. काकूंना विसरायचा आजार जडलाय, हे ठाऊक असूनही बोलून गेलो, "तुमच्या रसानं काकूंचं तरी डोकं सुधरलं काय?"

काका हळूच म्हणाले, "नाही सुधरलं. बशीतल्या पेशी वाचतात. माणसाचं तसं नसते, मले मालूम आहे. पण सकाळी पानं खुडाले ती आपल्या मनानं उठते. बाकी सारं विसरली, तेवढं नाही. आता पाह्य तिकडं."

बोअरिंगजवळ काकू रिकामी टोपली घेऊन बसल्या होत्या. माती चाचपत होत्या.

रविवारी रोपं आणली, स्वतः लावली. चिखलाच्या हातांनीच काकूंपुढे उभा राहिलो. "काकू, ब्राह्मी मीच उपटवली होती. चुकलं माझं."

त्यांनी टोपली माझ्या हाती दिली. "धर. मुळं नको ओढू, शेंडे खुड."

काका मागून खेकसले, "तिले काहून सांगून राहिला? उद्या विसरते ते."

"उद्या पुन्हा सांगीन," मी म्हणालो. "अन् काका, मी त्या दिवशी जे बोललो, ते तुम्ही काही विसरणार नाही. माफ करा मले."