दहा मिनिटांतला माणूस

आमच्या वरच्या मजल्यावरचे दामले काका रोज सकाळी डोळ्यांवर पंचा बांधून स्वतःच्याच घरात फिरतात. आग लागून धूर झाला तर दार सापडायला हवं, म्हणून हा सराव. मी पहिल्यांदा विरजण मागायला गेले तेव्हा ते तसेच दारात आले आणि म्हणाले, "बोलू नका, आकडा चुकेल. सतरा." स्वयंपाकघरापासून दारापर्यंत सतरा पावलं. मग पंचा सोडून त्यांनी विरजण दिलं, आणि गॅसचा वास आला तर आधी काय करायचं याची तोंडी परीक्षाही घेतली. मी नापास झाले.

कर्वेनगरातल्या आमच्या सोसायटीत त्यांची चेष्टा होते. मीही करते. काकू गेल्यापासून चार वर्षं माणूस एकटा आहे, वेळ जायला काहीतरी हवंच, असं वर शहाणपणाने म्हणतेही.

गेल्या महिन्यात त्यांनी घरोघरी एक फॉर्म वाटला. महत्त्वाचा रकाना एकच: संकटात दहा मिनिटांत दाराशी पोहोचेल अशा माणसाचं नाव. मी भावाचं लिहिलं. काकांनी पत्ता वाचला.

"मार्केट यार्ड. भाऊ चांगला असेल, पण संध्याकाळी स्वारगेटलाच अडकेल. खोडा."

तळमजल्यावरच्या जोशींनी वैतागून गणपतीचं नाव लिहिलं. काकांनी शेरा मारला: येण्याची वेळ अनिश्चित.

समोरच्या वहिनींचं नाव घालून मी फॉर्म परत द्यायला गेले, तर काकांनी सगळा गठ्ठाच माझ्याकडे लावायला दिला. त्यात त्यांचाही फॉर्म होता. रकाना कोरा. मुलाचं नाव का नाही, असं मी विचारलं.

"तो कॅनडात. विमान वेळेवर असलं तर सव्वीस तास."

मी कागद नीट पाहिला. रकान्यात पेन्सिलीने लिहून पुसलं होतं, तेही इतक्यांदा की कागद तिथे विरला होता. पुसट दिसत होतं ते माझंच नाव होतं.

"विचारल्याशिवाय लिहिणं नियमात बसत नाही," काका खिडकीकडे बघत म्हणाले.

मग विचारायचं ना, मी म्हटलं. मला माझीच लाज वाटली. मी पेनने नाव लिहिलं.

काकांनी ते दोनदा वाचलं. मनगटावरचं घड्याळ काढून हातात घेतलं आणि मला एकदा घरी जाऊन परत यायला सांगितलं, वेळ तपासायला हवी म्हणाले. मी उतरले, आमच्या दाराला हात लावून लगेच चढले. काका उंबऱ्यात उभे होते. घड्याळ हातात तसंच होतं, आणि ते जिन्याकडे बघत होते.