डोळे मिटून घरी

शेजारच्या बांधकामावरचे गवंडी आपसांत बंगाली बोलतात, एवढ्या एका कारणावरून मी पोलिसांना नाव न सांगता फोन केला होता. ही गोष्ट मी कुणालाच सांगितली नव्हती. मुजावर वकिलांना तर नाहीच. त्या फोनमुळे जहांगीर नावाच्या गवंड्याला परदेशी समजून कोठडीत ठेवले, आणि त्याचे वकीलपत्र घेतले ते माझ्या भिंतीला भिंत लागून राहणाऱ्या मुजावरसाहेबांनीच.

धाराशिवच्या कोर्टात ते झोपाळू वकील म्हणून ओळखले जात. पक्षकार समोर बसला की हे डोळे मिटून घेत. "कागदं मागनं बघू. आधी घरची वाट सांग." मग पक्षकाराने गावच्या थांब्यापासून उंबऱ्यापर्यंत बोलत जायचे आणि यांनी खुर्चीतल्या खुर्चीत पाय हलवत त्याच्या मागे. "सबुरीनं. तळ्याकडंला चिखल असंल." त्यांचा कारकून वैतागे. "साहेब, पक्षकार घरी जाऊन जेवला. तुमी अजून तळ्यावरच."

जहांगीरला भेटून ते माझ्याकडे चहाला आले. "गुरुजी, त्याच्या गावाला दोन बाजूंनी पाणी हाय. मशिदीमागं फणस, म्होरं किराणा दुकान, मंग दारात बसलेली त्याची म्हातारी आई. लई चाललो आज." असे म्हणत त्यांनी कोरडे बूट पायपुसण्यावर नीट पुसले. मला हसू आले नाही.

त्या दुकानदाराला त्यांनी फोनवर गाठले, त्याच्याकरवी म्हातारीला. तिने पाठवलेल्या जमिनीच्या कागदांवरून जहांगीर भारतातलाच ठरून सुटणार, असे दिसू लागले.

एका संध्याकाळी चहा घेताना मी सहज विचारले, "वकीलसाहेब, तुमच्या घरची वाट कोणती?"

त्यांनी कप खाली ठेवला आणि डोळे मिटून घेतले.

"सास्तूरची. भूकंपाच्या आधीची. नवं गाव सरळ रेघांचं हाय, तिथं आमची गल्ली घावत न्हाय. रोज निघतो म्या, पार दारापस्तोर जातो. आतून अम्मीचा आवाज येत न्हाय, म्हणून माघारी फिरतो." मग ओशाळून हसले. "दुसऱ्याच्या घरी कुणीतरी असतं, गुरुजी. तेवढंच बरं वाटतं."

जहांगीरला मी त्याच्या आईच्या दारापासून किती दूर लोटले होते, ते मला त्या क्षणी उमगले.

जहांगीर सुटला. गावी निघण्याआधी वकीलसाहेब त्याला घेऊन माझ्या दारात आले. "ह्यो निघाला, गुरुजी. च्या पाजा की."

चहा तसाच राहिला. मी हात जोडले.

"जहांगीरभाई, तो फोन मी केला होता. तुमची भाषा ऐकली आणि तुम्हाला परके ठरवलं. वकीलसाहेब, तुमच्यापासूनही लपवलं. माझं चुकलं. मला माफ करा."