बगळेसाहेबांचे दोन खडे

एका जंगलात, मुलांनो, साळिंदरं राहत होती. त्यांतलं सर्वांत बिनडोक साळिंदर म्हणजे मी. आता स्पर्धा वाढली आहे.

पाणवठ्यावर बिबट्या आला की माझी ताई साळिंदरी भाषेत हाळी द्यायची. गेल्या अमावास्येला तिने सगळ्यांना पळवलं. स्वतः मागे राहिली.

तिच्या जागी आता कोण, असं विचारायला मी दरबारात गेलो. दरबार म्हणाला, "आधी मोजू. पाणवठ्यावर साळिंदरी कोणी बोलतं का? नसेल, तर यापुढे हाळी फक्त दरबारी भाषेत."

आमच्या पिल्लांना दरबारी कळत नव्हती. आणि बिबट्या काही अर्थ सांगायला थांबत नाही.

मोजणीला बगळेसाहेब येणार होते. त्यांना सगळ्या भाषा कळत. विचारायचं काही नाही, नुसतं ऐकायचं. जो जी भाषा बोलेल, त्याचा खडा त्या भाषेच्या ढिगात.

आदल्या दिवशी आम्ही सभा घेतली. "उद्या सगळ्यांनी मोठ्याने साळिंदरीच बोलायची!" मीच ओरडलो. काटे फुलवून शपथा झाल्या.

सकाळी बगळेसाहेब आले. कोणाला संशय येऊ नये म्हणून डोळे मिटून एका पायावर उभे राहिले.

आता आमची एक रीत आहे. पाहुणा दिसला की त्याच्यादेखत आपली भाषा बोलायची नाही. नाहीतर लोक आईबापांचं वळण काढतात. ठकूमावशी कंदावरून शेजारणीशी भांडत होती. साहेब दिसताच ती दरबारीत भांडू लागली.

"मावशी, साळिंदरी!" मी कुजबुजलो.

"गप रे मेल्या! पाहुण्याला कळायला नको?"

दुपार झाली, तरी आमच्या ढिगाच्या जागी नुसती माती. मला राहवलं नाही. तडक साहेबांपुढे गेलो. "साहेब, आमची भाषा ऐकू येतेय ना?"

दरबारीत विचारलं.

साहेबांनी दरबारीच्या ढिगात खडा टाकला.

मान खाली घालून मी पाण्यावर गेलो. आमच्या नेहमीच्या दगडापाशी. बसता बसता साळिंदरीत तोंडून गेलं, "ताई, जरा सरक ना."

आणि सवयीने थांबलो. ती आधी 'नाही सरकत, जा' म्हणायची. मग सरकायची.

मागे टक, टक. आमच्या ढिगात दोन खडे. एक माझा. दगडाआड कोणीतरी साळिंदरीत उत्तर देऊन सरकलं असणार, असं साहेबांनी धरलं.

हाळी वाचली. ती आता मी देतो. ताईइतका आवाज लागत नाही, पण पिल्लं पळतात.

आमचा जंगी सत्कार झाला. भाषणं दरबारीत झाली. साहेब प्रमुख पाहुणे होते ना!

पुढे दरबाराने विचारलं, "दुसरं बोलणारं कोण? चूक असल्यास दरबारीत कळवावे."

मला दरबारी येत नाही, असं मी कळवलं. अस्खलित दरबारीत कळवलं.

खडा अजून तिथेच आहे.

तात्पर्य: मुलांनो, भाषा जगवायची असेल तर पाहुण्यांशी उद्धटपणे वागा. तेवढं धाडस नसेल, तर गेलेल्यांशी बोलत राहा. त्यांच्यापुढे शिष्टाचार म्हणून कोणी भाषा बदलत नाही.