साहेबांच्या हाताला वळण

कचेरीत नको ते बोलून नरहर घरी आला, तेव्हा कमलिनी मुलीचा पाळणा हलवत होती.

“अगं, साहेबांना म्हणालो, मला गोल्फ येतं.”

“तुम्हाला? विटीदांडू तरी येतो का?”

“त्यांचा चेंडू भोकापाशी जाऊन हातभर चुकतो. रविवारी सामना आहे. उद्या शिकवतो म्हणालो. खूश झाले, तर नागपूरच्या बदलीच्या अर्जावर सही करतील.”

नागपूर म्हटल्यावर कमलिनीचं हसू मावळलं. नवं राज्य झालं, कचेरी उचलून भोपाळला आली, त्याला वर्ष होत आलं. तिकडे तिची आई एकटी, डोळ्यांनी अधू. शेजारीण वाचून दाखवील तेव्हा पत्र कळायचं.

‘माझी काठी तिकडेच राहिली’ अशी थाप मारून नरहरने साहेबांचीच काठी आणि चेंडू मागून आणला होता. वाटी आडवी ठेवून सराव सुरू झाला. पहिला चेंडू दुधाच्या पातेल्यावर आदळला. दुसरा दारातून थेट शेजारच्या वाळवणात.

“नरहरराव,” सुमित्राबाई ओरडल्या, “माझ्या पापडांनी काय घोडं मारलंय तुमचं?”

तिसरा पाळण्याच्या पायावर बसला आणि पोरीने टाहो फोडला. कमलिनीने काठी हिसकावून घेतली.

“दोरीला हिसका दिला की पोर उठते. मनगट हलवू नका. खांद्यातून झोका द्या. मागे जेवढा, पुढे तेवढाच.”

तिने मारलेला चेंडू वाटीत गेला. नरहर पाहतच राहिला.

दुसऱ्या दिवशी त्याने हेच शहाणपण पाळणा वगळून साहेबांना सांगितलं. रविवारी साहेबांनी कप जिंकला. सोमवारी नरहर अर्ज घेऊन आला.

“सही झाली?”

“झाली.”

कमलिनीने वाचलं. ‘यांच्यावाचून कचेरीचे काम अडेल. अर्ज नामंजूर.’

“म्हणाले, ‘नरहर, ऐसा उस्ताद मैं नागपुर को दे दूँ?’ आता दर रविवारी बोलावलंय.”

तिने कागदाची घडी घातली. आईला काय लिहायचं, ते सुचेना. नरहर दुःखी दिसायचा अगदी मनापासून प्रयत्न करत होता. पण ‘उस्ताद’ म्हणताना त्याची छाती जराशी फुगली, ती तिने पाहिली होती.

थोड्या वेळाने त्याने चाचरत विचारलं, “अगं, ते लांबून मारतात ना, त्याचं काही सुचतं का तुला? साहेब त्यातही कच्चेच आहेत.”