खाऱ्या पाण्याचे नाकाडे सर

ब्रह्मपुरीत कोणी ‘पाऊस पडून राह्यला’ म्हटलं, की आमचे शेजारी नाकाडे सर विचारतात, ‘इथी का तिथी?’ तिथी म्हणजे कच्छच्या खाऱ्या दलदलीत. सरांनी ती जागा कधी पाहिलेली नाही. कॉलेजात भूगोल शिकवून निवृत्त झाले, आणि आता उपग्रहाच्या चित्रांवरून तिथलं पाणी किती चढलं, किती ओसरलं, हे घरबसल्या बघतात. मलाही शिकवणी मिळाली आहे. ‘बाई, काळं दिसते ते पाणी, पांढरं ते मीठ. अन् मिठावानी दिसून फसवते तो ढग. हरामखोर.’

उपग्रह जायच्या दिवशी सर दाढी करून इस्त्रीचा शर्ट घालतात. तो कच्छवरून जातो, आपल्या अंगणावरून नाही, हे मी एकदा सुचवून पाहिलं. ‘मंग? आपण गबाळं राहावं काय?’

आमच्याकडे धानाला पाणी पुरवणारे, मालगुजारांच्या म्हणजे जमीनदारांच्या काळातले जुने तलाव आहेत. ‘माजी मालगुजारी’ची पहिली अक्षरं घेऊन लोक त्यांना ‘मामा’ तलाव म्हणतात. एक शेतकरी भोळेपणाने विचारायला आला, ‘सर, आमच्या मामाचं पाणी दिसते काय वरून?’

‘मामाले जाऊन भेट ना, गावातच तं आहे. गोडं पाणी माहा विषय नाई.’

खारंच पाणी काऊन, ते मात्र सर सांगत नसत. त्यांची एकुलती मुलगी प्राची तिथे दलदलीच्या काठावर राहून पक्ष्यांचा अभ्यास करते. इथल्या कॉलेजातली नोकरी सोडून गेली म्हणून सरांनी अबोला धरलेला. पोरीशी बोलायचं नाही, पण तिच्या दारातलं पाणी रोज बघायचं, असा सगळा बाणेदारपणा.

गेल्या श्रावणात सर कुंपणाशी आले. ‘बाई, प्राचीले फोन लावा. पाणी तिच्या रस्त्याले टेकलं. आजच गावात जा म्हणा.’

‘तुम्हीच सांगा ना.’

‘मी नाई बोलत तिच्यासंग.’ मला हसू आलं, पण मी फोन लावला.

फोन लागेना. सर कुंपणाची तार धरून उभे. शेवटी लागला, तेव्हा मी स्पीकर सुरू केला आणि निरोप सांगितला.

‘काकू, मी सकाळीच गावात आली,’ प्राची म्हणाली. मग विचारलं, ‘बाबा जेवले का?’

‘जेवलो,’ सर परस्पर बोलून गेले.

प्राचीने आता थेट त्यांनाच विचारलं, ‘काय जेवले?’

‘वरणभात. तू?’

मी फोन सरांच्या हातात दिला आणि आत जाऊन त्यांच्यासाठी ताट वाढायला घेतलं. त्यांच्याकडे सकाळपासून कुकरची शिट्टीच झाली नव्हती.