रुखवताच्या राज्यातील सहा निरंक महिने

श्रीगजानन प्रसन्न. लिहिणाराची शाई न आटो, वाचणाराचे डोळे न थकोत, आणि उभयतांची कागदपत्रे वेळेवर जावोत. शके एकोणीसशे पंचेचाळीस, शोभन नाम संवत्सर, चैत्र शुद्ध प्रतिपदा, ते दिवशी हेमांगीबाई कर्णिक यांणी पतसंस्थेतील ठेवींच्या खिडकीची बारा वर्षांची चाकरी सोडून स्वतंत्र राज्य स्थापन केले. राज्याचा विस्तार म्हणाल तर घराची मागली खोली, दहा फूट बाय बारा. सैन्य म्हणाल तर एक कात्री, दोन गोंदाचे डबे आणि बाईंचे खासे दोन हात. राज्याचे उत्पन्न रुखवताचे. लग्नात वधूपक्षाने मांडावयाची शोभा, म्हणजे साखरेचे तुळशीवृंदावन, सुपाऱ्यांचे वऱ्हाड, खोबऱ्याच्या वाट्यांचे सनईवाले, बाई ऐसी करीत की पाहुणे पंगत सोडून तेथेच उभे राहात. मग गावात शेवड्यांचे मंगल कार्यालय सर्वांत मोठे, त्यांणी सांगितले की काम देतो, परंतु पक्के बिल पाहिजे. आणि पक्क्या बिलास जीएसटीची सनद पाहिजे. म्हणोन बाईंनी हौसेने पंधरा अक्षरी सनद आणविली आणि चौकटीत घालून भिंतीस लाविली, आणि नवी खतावणी आणून तीवर हळदकुंकवाचे स्वस्तिक काढिले, आणि गद्रे नामे करसल्लागार दप्तरदार नेमिले. गद्रे यांणी पहिल्याच दिवशी मसलत दिली, "वहिनी, दर महिन्याला दहा तारखेच्या आत विक्रीचा आकडा मला कळवायचा. कितीही असो. रिटर्न भरणं माझ्याकडे." बाई म्हणाल्या, "त्यात काय अवघड आहे!" पतसंस्थेच्या मॅनेजरसाहेबांनी मात्र निरोपाच्या चहाला, "तुमची खुर्ची पुढच्या मार्चपर्यंत रिकामी ठेवतो हो," ऐसे हसत सांगितले होते, ते बाईंच्या मनास फार लागले होते.

एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत सात रुखवते गेली. शंभरास अठरा याप्रमाणे कर निराळा ठेविला आणि दरबारी वेळेवर भरिला. मग ज्येष्ठात एक लग्न ठरले होते ते मोडले, आषाढात देव निजले, आणि त्या वर्षी श्रावण दोन आले, म्हणोन चातुर्मास पाच महिन्यांचा जाहला. लग्न नाही तेथे रुखवत कोठून? जून सरला आणि बाई खतावणी उघडून बसल्या. लिहावयाचे ते इतकेच की विक्री निरंक. तो सासूबाई द्वारकाबाई, ज्यांस या राज्यात आईसाहेब म्हणत, जवळ येऊन म्हणाल्या, "अगं, स्वस्तिक काढून पुजलेली वही ती. पहिल्याच वर्षी तिच्यात शून्य कसलं लिहितेस? घरातले तांदूळ संपले तरी आपण 'वाढले' म्हणतो. कोरं सोड पान, भरेल पुढे." हे बोलणे बाईंस मनापासून आवडले. खरे विचाराल तर शून्य लिहिणे म्हणजे मॅनेजरसाहेबांचे खरे करणे, ऐसे त्यांस वाटे. पतसंस्थेत परक्यांच्या खात्यांत शून्ये मांडिताना ज्यांचा हात कधी अडला नाही, तोच हात येथे अडला. पान कोरे राहिले. गद्रे यांचा निरोप मोबाइलवर येई, "वहिनी, आकडा?" आणि बाई लिहीत, "पाठवते." मग जुलै कोरा, ऑगस्ट कोरा, ऐसी नोव्हेंबरपर्यंत सहा पाने कोरी गेली. विकलेच नाही तर कर कशाचा, आणि कर नाही तर कळवायचे काय, ऐसी बाईंनी मनाची समजूत घातली होती. दरबारचे इशारे ईमेलात येत ते लॉटरी लागल्याच्या पत्रांसोबत कोपऱ्यात जाऊन पडत, आणि बाई त्या कोपऱ्यात पाहात नसत.

मग मार्गशीर्षात शेवड्यांचा फोन आला की येत्या मोसमातील नऊ लग्नांचे रुखवत तुमचे. बाईंनी त्याच दिवशी पाच किलो सुपारी आणविली. परंतु दुसरे दिवशी शेवडे यांचा पुन्हा फोन, "वहिनी, आमच्या माणसानं तुमचा जीएसटी नंबर टाकून बघितला, निलंबित दाखवतोय. शुक्रवारी दुपारपर्यंत चालू झाला तर ठीक, नाहीतर मला दुसरीकडे द्यावं लागेल. राग मानू नका." तो दिवस बुधवार. नऊ लग्ने गेली तर राज्य गेले, आणि राज्य गेले तर मॅनेजरसाहेबांची खुर्ची, हे बाईंस कोणी समजावून सांगावयास नको होते. त्यांणी लागलीच गद्रे यांस फोन लाविला.

गुरुवारी सकाळी गद्रे लॅपटॉप घेऊन आले आणि स्वयंपाकघरातील टेबलाशी बसले आणि शांतपणे म्हणाले, "काही विकलं नाही हा गुन्हा नव्हे, वहिनी. कळवलं नाहीत, हा गुन्हा. निरंक तर निरंक, तेही भरायचं असतं. दोन मिनिटांचं काम होतं."

"आता किती दंड?"

"साडेपाच हजारांच्या घरात. सहाही महिने एकेक करून भरू. पण आकडा तुम्ही सांगायचा, अंदाजानं मी काही टाकत नाही. जून?"

आईसाहेब ओट्याशी चहा गाळीत होत्या. बाईंनी त्यांच्या पाठीकडे पाहिले आणि अगदी हळू म्हणाल्या, "निरंक." गद्रे यांणी मोठ्याने विचारिले, "जुलै?" "निरंक." "ऑगस्ट?" येथे गद्रे यांस उत्तर देण्याऐवजी बाई एकदम बोलत्या जाहल्या, "आई, सहा महिन्यांत मी काही म्हणजे काही विकलं नाही. रोज अकराला खोलीत जायचे, दार लावून घ्यायचे. तुम्हाला वाटायचं काम चाललंय. मी झोपत होते."

आईसाहेबांनी गाळणे खाली ठेविले. म्हणाल्या, "मला का ठाऊक नव्हतं? तुझ्या घोरण्याचा आवाज येतो दारातून. शिट्टीनं जाग येईल म्हणून मी कुकर लावत नव्हते, भात पातेल्यात शिजवत होते सहा महिने." आणि मग गद्रे यांजकडे वळून, "लिहा हो तुम्ही, ऑगस्ट शून्य. पुढचेही शून्यच. मी साक्षीला आहे." गद्रे यांणी मान वर केली नाही, टंकीत राहिले. बाई रडल्या आणि हसल्या आणि मोबाइलवर आलेला ओटीपी त्यांणी तीनदा चुकीचा वाचिला. दंड आपल्या साठविलेल्या पैशांतून भरिला, आणि शुक्रवारी साडेअकरास सनद पूर्ववत जाहली, तैसे शेवड्यांस कळविले. नऊही लग्ने बाईंकडेच राहिली.

येणेप्रमाणे सहा निरंक महिन्यांची हकिकत, जैसी घडली तैसी लिहिली. शून्याचे भय दरबारास कधीच नव्हते, ते या घरातच होते. पुढे पौष आला, पौषात लग्ने नसतात. महिना सरताच बाईंनी खतावणीत ठळक शून्य काढिले, गद्रे यांस कळविले, आणि भर दुपारी दार उघडे टाकून निर्धास्त निजल्या.