जुवेरिया आपाच्या काळ्या नखांची बखर

अल्लाहचें नांव घेऊन आरंभ. मकतबाच्या चटईवर विराजमान सत्तावीस बालसरदारांनीं आज्ञा केली कीं, ‘आमच्या आपा तीन दिवस आल्या नाहींत, त्या तीन दिवसांत काय घडलें तें खरें लिहून द्यावें.’ त्यावरून हकीकत लिहिली ऐसी जे.

हिजरी सन चौदाशे पंचेचाळीस, माहे शाबान. ते समयीं एका राज्यांत मशिदीच्या मकतबीं जुवेरिया आपा लहान मुलांस अलिफ-बे शिकवीत असत. वय बावीस, डोकीवर काळी ओढणी, अंगीं काळा झगा, पायीं गुडघ्याएवढे काळे बूट, मनगटीं खिळ्यांचे पट्टे, आणि दहाही नखें काळीं. सायंकाळीं बँडांत गिटार वाजवीत, तें ऐसें गर्जे कीं मिनारावरचीं कबुतरें उडत. परंतु मुलांचा उच्चार त्यांच्याइतका स्वच्छ कोणीं बसविला नाहीं, आणि नमाज त्यांनीं कधीं चुकविली नाहीं.

मग एके दिवशीं मशिदीच्या कमिटीचे सदर, म्हणजे अध्यक्ष, हाजी दिलावरसाहेब तपासणीस आले आणि नखें पाहून भर वर्गांत कडाडले, ‘नेलपॉलिश लावून वुजू होतो का? थराखाली पाणी जात नाही! हातपाय धुतले नाहीत तर नमाज कसली, आणि हिनं शिकवायचं काय?’

आपा म्हणाल्या, ‘चाचा, हे नेलपॉलिश नाही.’

‘आम्हालाच शिकवतेस?’

आणि मग हौदावर नेऊन मुलांदेखत तीन वेळां साबणानें हात घासविले, आणि रंग निघेना म्हणून गुन्हा शाबीत जाहला! साबणानें नेलपॉलिशही निघत नाहीं, मेंदीही निघत नाहीं, मग घासून काय सिद्ध केलें, हें एकाही शहाण्यानें विचारलें नाहीं. हुकूम सुटला कीं आपांनीं येऊं नये.

तिकडे दुसरें राज्य बँडाचें, तेथेंही अक्कल तेवढीच. ड्रमवाला तेजस म्हणाला, ‘जुवे, शनिवारच्या शोला ती ओढणी काढ यार. आपला दरारा जातो.’

‘दरारा तुझ्या ड्रममधून काढ, माझ्या डोक्यावरून कशाला?’

‘मग नको येऊस.’

ऐसें दोन्ही दरबारांतून एकाच आठवड्यांत एकच फर्मान आलें, कीं अर्धी ये आणि अर्धी बाहेर ठेव. आतां काय म्हणावें! माणूस म्हणजे काय कलिंगड आहे?

मग मेंदी लावणाऱ्या बिल्किस खाला काठी टेकीत कमिटीपुढें आल्या आणि बोलत्या जाहल्या, ‘अहो, ती मेंदी आहे. निळीचा पाला घालून मीच भिजवून दिली. मेंदीचा थर बसतो का कुठं?’

हाजीसाहेब म्हणाले, ‘पुरावा?’

‘त्याच वाटीतली अर्धी तुमच्या दाढीत आहे. तिच्या नखाला पाणी लागत नसेल, तर तुमच्या दाढीला कुठून लागणार? मग तुमच्या नमाजांचं काय करायचं?’

कमिटीच्या सात जणांनीं सात दिशांस पाहिलें. आणि मग आपांस निरोप गेला कीं, ‘उद्यापासून ये.’ आपांनीं उलट सांगून पाठविलें, ‘हात मुलांसमोर घासलेत, तेव्हा सांगायचं तेही मुलांसमोर सांगा. नाहीतर मी त्यांच्यापुढे कुठल्या तोंडानं बसू?’

हाजीसाहेबांनीं त्यावर एक रात्र काढिली. मग चटईपुढें उभे राहिले, दोन वेळां खाकरले, आणि म्हणाले, ‘आपाची नखं पाक-साफ आहेत. माझी चूक झाली.’

पहिल्या रांगेंतून चिमुकली उमैमा उठली आणि मोठ्या अदबीनें विचारती जाहली, ‘आणि तुमची दाढी, दादाजी?’

‘तीपण,’ हाजीसाहेब म्हणाले. ‘बस खाली.’

आणि आपांनीं धडा उघडला.

सारांश, सरदारहो, पाणी पोहोंचलें कीं नाहीं तें पाहावें, रंग पाहूं नये. एवढें कळावयास राज्यास तीन दिवस लागले; तुम्हांस ही ओळ पुरावी. बँडाच्या दरबारीं चूक कबूल करणारा अद्याप निघाला नाहीं. सबब गिटार तूर्त आपांचे घरीं एकटेंच गर्जत आहे, आणि शेजारी कमिटीस तक्रारीचा अर्ज लिहीत आहेत.